पीक व्हीओटू १३.२ आला, म्हणजे नेमकं काय? हार्ट फेल्युअरमधली सीपीईटी आणि तिचा रिपोर्ट

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. बाबा ५८ वर्षांचे. दोन वर्षांपूर्वी हार्ट अटॅक आला, स्टेंट घातला. इकोमध्ये ईएफ, म्हणजे हृदय दर ठोक्याला किती रक्त बाहेर फेकतं तो आकडा, ३० टक्के. गोळ्या नियमित चालू आहेत, त्यात ठोके आवरून धरणारा बीटा ब्लॉकरही आहे. घरात वावरताना काही त्रास नाही, पण दुसऱ्या मजल्यावर जाताना मध्ये थांबावं लागतं. डॉक्टरांनी तोंडावर मास्क लावून सायकल चालवायची तपासणी, म्हणजे सीपीईटी, करायला सांगितली. रिपोर्टमध्ये पीक व्हीओटू (पूर्ण जोर लावल्यावर शरीराने वापरलेला ऑक्सिजन) १३.२, अपेक्षित क्षमतेच्या ४३ टक्के, आरईआर १.१२ आणि व्हीई/व्हीसीओटू स्लोप ३८ असं आलं. नेटवर तुम्ही वाचलंत की १४ च्या खाली गेलं की हृदय बदलावं लागतं. तुम्हाला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. इको असताना ही तपासणी कशाला? बाबा म्हणतात पाय भरून आले म्हणून थांबलो, मग तो आकडा खरा धरायचा का? आणि बाबांकडे किती वर्षं आहेत?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते मिळेपर्यंत बाकीच्या वाचनात तुमचं लक्ष लागणार नाही. १३.२ या आकड्यावरून बाबांची वर्षं कोणीही मोजून देऊ शकत नाही. पण हा आकडा फाइलमध्ये लावून विसरण्यासारखाही नाही. आजार बराच पुढे गेला आहे आणि पुढचे काही महिने उपचारांत कुठेही ढिलाई चालणार नाही, एवढं तो स्पष्ट सांगतो. प्रत्यारोपणाबद्दल एकदा तज्ज्ञांशी बोलून ठेवावं अशी ही पायरी आहे. प्रत्यारोपण ठरलं, असा मात्र तिचा अर्थ नाही. बाबांना मी तपासलेलं नाही, त्यामुळे निर्णय त्यांच्या डॉक्टरांचाच. हार्ट फेल्युअरचे, म्हणजे हृदयाचा पंप कमजोर झालेले, रुग्ण रोज बघणारा डॉक्टर म्हणून हे रिपोर्ट मी कसे वाचतो, तेवढं सांगतो.

आता इकोचं. इको आपण पलंगावर शांत पडलेल्या माणसाची करतो. डावा कप्पा प्रत्येक ठोक्याला त्याच्यातल्या रक्तापैकी किती टक्के बाहेर फेकतो, ते ईएफ सांगते. औषधं कोणती द्यायची, आयसीडी (ठोके धोकादायक बिघडले तर शॉक देणारं छोटं यंत्र) बसवायचं का, हे ठरवायला ती लागतेच. पण माणूस उठून चालायला लागला, जिना चढला, पाण्याची बादली उचलली की त्याचं हृदय किती साथ देतं, हे तिच्यातून कळत नाही. ईएफ ३० टक्के असलेले दोन रुग्ण माझ्यासमोर बसतात. त्यातला एक बाजारातून पिशव्या घेऊन चालत येतो, दुसऱ्याला अंघोळ करतानाही धाप लागते. ईएफ आणि श्रम करण्याची ताकद यांचा संबंध अगदी सैल आहे, हे १९८० च्या दशकापासून माहीत आहे.

तो सैल का आहे, हे कळलं की सीपीईटीचं महत्त्व आपोआप कळतं. श्रमाच्या वेळी शरीर किती ऑक्सिजन वापरतं, हे दोन गोष्टींवर ठरतं. हृदय मिनिटाला किती रक्त पुढे ढकलतं ही एक, आणि स्नायू त्या रक्तातून किती ऑक्सिजन काढून घेतात ही दुसरी. पहिल्या गोष्टीत केवळ डावा कप्पा येत नाही. उजवा कप्पा, फुफ्फुसातल्या रक्तवाहिन्यांचा दाब, झडपांची गळती आणि श्रमाबरोबर ठोके वाढतात की नाही, हे सगळं त्यात येतं. दुसरीत हिमोग्लोबिन आणि मांड्या-पोटऱ्यांच्या स्नायूंची तब्येत येते. पीक व्हीओटू हा या साऱ्याचा एकत्रित हिशेब आहे: श्रमाच्या शिखरावर, दर मिनिटाला, शरीराच्या दर किलोमागे किती मिलिलिटर ऑक्सिजन वापरला गेला. स्वस्थ बसलेला माणूस साधारण ३.५ वापरतो. बाबा सारा जोर लावून त्याच्या चौपटीपर्यंतही पोहोचले नाहीत. त्यांच्या वयाच्या, बैठं काम करणाऱ्या निरोगी पुरुषाकडून मशीनने तीसच्या आसपास अपेक्षा धरली होती. ते ४३ टक्के तिथून आले.

इथे एक गोष्ट जाता जाता नोंदवतो. मशीनमध्ये अपेक्षित क्षमतेची जी सूत्रं भरलेली असतात, ती बहुतांशी युरोप-अमेरिकेतल्या लोकांवरून काढलेली आहेत. त्यामुळे आपल्याकडच्या रुग्णाची टक्केवारी मी बघतो जरूर, पण ४३ आणि ४८ मध्ये कीस काढत बसत नाही.

बाबांनी पायांबद्दल सांगितलं ते मला फार महत्त्वाचं वाटतं. माणूस लवकर थांबला तर आकडा खोटा कमी येतो, ही तुमची शंका बरोबर आहे. त्यासाठीच आरईआर बघायचा. बाहेर टाकलेला कार्बन डायऑक्साइड भागिले आत घेतलेला ऑक्सिजन, असं ते गुणोत्तर. आराम करताना ते १ च्या खाली असतं. स्नायूंना ऑक्सिजन पुरेनासा झाला की लॅक्टिक आम्ल तयार होतं, ते शमवताना जादा कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो आणि गुणोत्तर १ च्या वर चढतं. १.१ च्या वर गेलं की रुग्णाने मनापासून जोर लावला, असं आम्ही धरतो. बाबांचं १.१२ आहे. ०.९५ वर थांबले असते तर पीक व्हीओटूवर मी विसंबलो नसतो. म्हणजे पाय भरून आले तोपर्यंत शरीर खरोखर त्याच्या टोकाला पोहोचलं होतं.

आणि पाय भरून येणं हा या आजाराचाच भाग आहे, हे घरच्यांना कोणी फारसं सांगत नाही. हार्ट फेल्युअर काही महिने-वर्षं राहिलं की स्नायू बारीक होतात, न थकता काम करणारे तंतू कमी होतात, पेशींमधली ऊर्जा तयार करण्याची व्यवस्था लंगडी पडते. हृदयाकडून रक्त आलं तरी स्नायूंना ते नीट वापरता येत नाही. शिवाय बाबांनी कित्येक वर्षांत सायकल चालवली नसेल, तर मांड्या आधी थकणारच. सायकलवर येणारा आकडा ट्रेडमिलपेक्षा साधारण १० ते २० टक्क्यांनी कमी असतो. हीच तपासणी ट्रेडमिलवर झाली असती तर कदाचित १४ च्या वरही गेली असती. नेटवर वाचलेल्या एका रेषेच्या अलीकडे-पलीकडे बघून जीव टांगणीला लावू नये, त्याचं हे पहिलं कारण.

दुसरं कारण जास्त मोठं आहे, म्हणून ते सविस्तर सांगतो. १४ हा आकडा आला कुठून? १९९१ साली अमेरिकेत, फिलाडेल्फियाच्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात डोना मॅन्सिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रत्यारोपणासाठी पाठवलेल्या ११४ रुग्णांची ही तपासणी केल्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. हृदयं मिळतात मोजकी, वाट बघणारे खूप. मग आधी कोणाला, आणि कोण थांबू शकतो, हा त्यांचा प्रश्न होता. ज्या ५२ जणांचा पीक व्हीओटू १४ च्या वर होता, त्यांच्यापैकी ९४ टक्के लोक वर्षानंतर हयात होते. म्हणजे त्यांना थांबवणं सुरक्षित होतं. १४ किंवा त्याखाली असलेले आणि प्रत्यारोपणासाठी स्वीकारलेले ३५ होते, त्यांच्यात हे प्रमाण ७० टक्के होतं. १४ किंवा त्याखाली, पण इतर आजारांमुळे प्रत्यारोपण करता येणार नाही अशा २७ जणांत ४७ टक्के. हे अंतर इतकं मोठं होतं की १४ चा आकडा जगभरच्या हृदयरोगतज्ज्ञांच्या तोंडी बसला.

पण तो काळ बघा. तेव्हा हार्ट फेल्युअरमध्ये बीटा ब्लॉकर देणं बहुतेकांना धोक्याचं वाटायचं. आयसीडी मोजक्यांना मिळायचं. १९९९ मध्ये सिबिस-२ आणि मेरिट-एचएफ हे दोन मोठे अभ्यास आले आणि बीटा ब्लॉकरने मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी होतात हे पक्कं झालं. आता यातली खोच अशी की बीटा ब्लॉकरने आयुष्य वाढतं, पण पीक व्हीओटू फारसा वाढत नाही, कारण ती गोळी ठोके आवरून धरते. म्हणजे १९९१ मधल्या १३ वाल्या रुग्णापेक्षा आजचा, गोळ्या घेणारा १३ वाला रुग्ण चांगल्या स्थितीत असतो. म्हणूनच हृदय आणि फुफ्फुस प्रत्यारोपणाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २००६ मध्ये रेषा हलवली आणि २०१६ च्या शिफारशींतही ती कायम ठेवली: बीटा ब्लॉकर सोसत नसेल तर १४, चालू असेल तर १२. पन्नाशीच्या आतले रुग्ण आणि स्त्रिया यांच्यासाठी अपेक्षित क्षमतेच्या ५० टक्के हा निकषही सोबत धरावा असं सांगितलं. आणि केवळ पीक व्हीओटूच्या आधारावर कोणालाही प्रत्यारोपणाच्या यादीत घालू नये, हेही तिथे स्वच्छ लिहिलं आहे. त्यानंतर डॅपाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या आल्या, त्यांचा हार्ट फेल्युअरमधला मोठा अभ्यास २०१९ चा. उपचार असे सुधारत गेले की आकड्याचा अर्थही सरकत जातो. तुमचे बाबा बीटा ब्लॉकरवर आहेत, म्हणून त्यांची रेषा १४ नव्हे, १२. ते तिच्या थोडे वर आहेत.

एवढ्यावर थांबलो असतो तर तुम्हाला नुसता दिलासा मिळाला असता, पण स्लोप ३८ आहे आणि माझी नजर त्याच्यावर जास्त खिळते. एक लिटर कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकायला किती लिटर हवा आत-बाहेर करावी लागते, ते हा स्लोप सांगतो. निरोगी माणसात तो ३० च्या खाली असतो. ३० ते ३६ थोडा वाढलेला, ३६ ते ४५ बराच, ४५ च्या वर फार गंभीर, अशा पायऱ्या आम्ही धरतो. बाबा ३६ ते ४५ च्या पायरीवर, तिच्या सुरुवातीला आहेत. हा वाढतो कारण फुफ्फुसाच्या काही भागात हवा जाते पण रक्त पुरेसं पोहोचत नाही, म्हणून तेवढा श्वास वाया जातो. शिवाय श्वासाचं नियंत्रण करणाऱ्या संवेदना चिडखोर झालेल्या असतात, थकलेले स्नायूही मेंदूला ‘अजून श्वास घे’ असे संदेश पाठवत राहतात. बाबांना जिन्यात मध्येच थांबावं लागतं, त्यामागे हेही आहे. या आकड्याचा मोठा गुण असा की रुग्णाने पूर्ण जोर लावला नाही तरी तो बऱ्यापैकी विश्वासार्ह राहतो, आणि पुढे काय होईल याचा अंदाज तो अनेकदा पीक व्हीओटूइतकाच, कधी त्याहून चांगला देतो. जोर अपुरा असेल तर २०१६ च्या शिफारशींतही ३५ च्या वरचा स्लोप बघायला सांगितलंय.

रिपोर्टमध्ये आणखी दोन गोष्टी शोधा किंवा डॉक्टरांना विचारा. श्वास लाटेसारखा कमी-जास्त होत होता का? याला ऑसिलेटरी व्हेंटिलेशन म्हणतात, आणि ते असेल तर धोका वाढतो. दुसरं, श्रमाबरोबर वरचं ब्लड प्रेशर वाढलं का? वाढायच्या ऐवजी ते उतरलं असेल तर मी त्या रुग्णाला लवकर परत बोलावतो.

आता उलट बाजू. हृदय तेवढंच असताना आकडा खाली ओढणाऱ्या काही गोष्टी असतात, आणि त्यातल्या बऱ्याच दुरुस्त होतात. आपल्याकडे पहिली शंका रक्ताची घ्यावी. हिमोग्लोबिन कमी, किंवा हिमोग्लोबिन ठीक पण शरीरातलं लोह कमी, हे मला वारंवार दिसतं. फेरिटिन आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (शरीरातलं लोह किती ते सांगणाऱ्या रक्ताच्या तपासण्या) तपासलं नसेल तर तपासून घ्या. कमतरता निघाली तर शिरेतून लोह देतात. या रुग्णांत लोहाच्या गोळ्यांचा फारसा उपयोग होत नाही. विडी-सिगारेटमुळे किंवा वर्षानुवर्षं चुलीच्या धुरात काढल्यामुळे फुफ्फुसं खराब असतील तर तेही या तपासणीत वेगळं ओळखता येतं. पायावर सूज असताना तपासणी केली तर अंगातलं पाणी वजनात मोजलं जातं, भागाकार मोठ्या संख्येने होतो आणि आकडा कमी दिसतो. लठ्ठ माणसात असंच घडतं. फार कृश झालेल्या रुग्णात मात्र उलट: वजन घटल्यामुळे आकडा फसवा चांगला दिसू शकतो, आणि तिथे मी जास्त सावध असतो.

ही तपासणी जिवाला धोका तर नाही ना, ही भीती बहुतेक घरांत असते, आणि पुढच्या खेपेस ती पुन्हा येईल म्हणून सांगून ठेवतो. एचएफ-ॲक्शन नावाच्या अभ्यासात ईएफ ३५ किंवा त्याहून कमी असलेल्या दोन हजारांवर रुग्णांच्या चार हजारांहून अधिक सीपीईटी झाल्या. त्यात तपासणीमुळे एकही मृत्यू झाला नाही. अर्थात रुग्ण नीट निवडलेला हवा. बसल्या जागी दम लागत असेल, अटॅक येऊन मोजकेच दिवस झाले असतील, ठोक्यांची गडबड ताब्यात नसेल किंवा ताप असेल तर आम्ही थांबतो. आयसीडी बसवलेलं असेल तर ते किती ठोक्यांवर शॉक देतं हे आधीच सांगा, म्हणजे तपासणी त्याच्या अलीकडेच थांबवता येते. रोजच्या गोळ्या नेहमीप्रमाणे घ्यायच्या, दोन-तीन तास आधी भरपेट जेवायचं नाही, चहा-कॉफी टाळायची. मास्क लावल्यावर बोलता येत नाही, म्हणून छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर कोणती खूण करायची हे आधीच ठरवून घ्या. तेवढ्यानेच घाबरलेले अर्धे रुग्ण शांत होतात.

सीपीईटी मोठ्या शहरांतल्या मोजक्या केंद्रांतच होते. गावी राहणाऱ्या रुग्णांसाठी मी सहा मिनिटं चालण्याची तपासणी फार मोलाची मानतो. ३० मीटरचा सपाट कॉरिडॉर, एक घड्याळ आणि शेजारी लक्ष ठेवणारा प्रशिक्षित माणूस, एवढ्यात ती होते. सहा मिनिटांत ३०० मीटरही चालणं झालं नाही तर पुढचा काळ कठीण असण्याची शक्यता वाढते. गुडघे दुखत असतील तर ती फसते आणि थांबण्याचं कारण हृदय की फुफ्फुस हेही ती सांगत नाही. पण दर चार-सहा महिन्यांनी त्याच कॉरिडॉरमध्ये केली तर रुग्ण कुठल्या दिशेने चाललाय ते कळतं. ग्रामीण रुग्णालयात एवढी सोय असूनही ती होत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता बाबांसाठी काय करायचं. गोळ्यांची यादी घेऊन डॉक्टरांकडे बसा आणि चारही गट चालू आहेत का ते विचारा: सॅक्युबिट्रिल-वाल्सार्टन किंवा त्या जातीची गोळी, बीटा ब्लॉकर, स्पायरोनोलॅक्टोन किंवा एप्लेरेनोन, आणि डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन. चालू असतील तर डोस सोसेल तेवढा वाढवलाय का? अनेक रुग्ण सुरुवातीच्या लहान डोसवरच वर्षभर राहिलेले असतात. ईएफ ३५ किंवा त्याखाली राहिली असेल तर आयसीडीबद्दल बोलणं झालंय का, आणि ईसीजीत डावीकडचा बंडल ब्लॉक (डाव्या कप्प्याकडे जाणाऱ्या विजेच्या वाटेतला अडथळा) असेल तर सीआरटीचा, म्हणजे दोन्ही कप्प्यांचे ठोके जुळवणाऱ्या पेसमेकरचा, विचार झालाय का, हेही विचारा.

त्याच्याबरोबरच व्यायाम. औषधाइतक्या गांभीर्याने, देखरेखीखाली सुरू केलेला. सीपीईटीचा रिपोर्ट इथे दुसऱ्यांदा उपयोगी पडतो, कारण किती ठोक्यांपर्यंत जायचं हे त्यातून ठरवता येतं. एचएफ-ॲक्शनमध्ये ज्यांचा पीक व्हीओटू तीन महिन्यांत वाढला त्यांची पुढची वाटचालही बरी होती: दर ६ टक्के वाढीमागे मृत्यू किंवा रुग्णालयात भरती होण्याचा धोका साधारण ५ टक्क्यांनी कमी दिसला. बाबांच्या बाबतीत ६ टक्के म्हणजे १३.२ वरून १४ पर्यंत जाणं. त्यांचे पाय आधी थकतात हे लक्षात घेता तेवढी वाढ होणं मला अगदी शक्य वाटतं.

दरम्यान प्रत्यारोपण करणाऱ्या एखाद्या केंद्रातल्या हार्ट फेल्युअर तज्ज्ञांना एकदा दाखवून घ्या. ते फुफ्फुसाच्या रक्तवाहिन्यांचा दाब मोजायला कॅथेटर तपासणी (शिरेतून बारीक नळी घालून केलेली) सांगू शकतात. त्याने घाबरून जाऊ नका. तो दाब फार वाढला तर पुढे प्रत्यारोपणाचा मार्गच बंद होऊ शकतो, म्हणून वेळेत बघितलेलं बरं. गरज पडलीच तर महाराष्ट्रात नोंदणी रुग्णालयामार्फत विभागीय प्रत्यारोपण समन्वय समितीकडे होते. अवयव वाटपाचा क्रम तिथे ठरतो.

‘किती वर्षं’ या प्रश्नाकडे परत येतो, कारण तो टाळलाय असं तुम्हाला वाटू नये. ७० टक्के, ९४ टक्के हे समूहाचे आकडे आहेत. त्या ३५ जणांपैकी कोण तगेल, हे तेव्हाच्या डॉक्टरांनाही आधी सांगता आलं नव्हतं. बाबांच्या बाजूने काही गोष्टी आहेत: ५८ हे वय, बीटा ब्लॉकर सोसतोय, पूर्ण जोर लावून तपासणी पार पडली. विरुद्ध बाजूला स्लोप आहे. बाबांपासून हा रिपोर्ट लपवू नका. ‘तुमची आजची ताकद इतकी आहे, तीन महिन्यांत ती वाढवायची आहे,’ असं त्यांना सांगता येतं, आणि ते खरंही आहे.

तीन ते सहा महिन्यांनी तपासणी पुन्हा करा. तेव्हा केंद्र तेच, सायकल तीच आणि गोळ्यांची वेळही तीच ठेवा, नाहीतर दोन आकड्यांची तुलना करता येणार नाही. पीक व्हीओटू १२ च्या खाली उतरला किंवा स्लोप अजून चढला तर प्रत्यारोपणाची चर्चा लगेच पुढे न्यायची. त्याआधीच दोन-तीन दिवसांत वजन दोन किलोने वाढलं, रात्री उशा रचून झोपावं लागलं किंवा चक्कर येऊन शुद्ध हरपली, तर पुढच्या तपासणीच्या तारखेची वाट बघू नका, त्याच दिवशी दाखवा.